कॉलेजातला कॅल्क्युलस जड जाऊ नये, तर दहावीनंतर कोणतं गणित निवडावं?

जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यात घरोघरी दोन आकडे रोज बोलले जातात. खडकवासल्यातून किती क्युसेकनं पाणी सोडलंय, आणि चारही धरणांत मिळून किती टीएमसी साठलंय. पहिल्या आकड्यावरून भिडे पूल पाण्याखाली जाणार का ते कळतं, दुसऱ्यावरून उन्हाळ्यात पाणीकपात होणार का ते. क्युसेक म्हणजे दर सेकंदाला किती घनफूट पाणी वाहतंय. टीएमसी म्हणजे एकूण किती पाणी आहे. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. एका दिवसात ८६,४०० सेकंद असतात, म्हणून ११,५७४ क्युसेकचा विसर्ग चोवीस तास तसाच राहिला तर जवळपास बरोबर एक टीएमसी पाणी मुठेत जातं. पण विसर्ग तसाच राहत नाही. दुपारी वाढवतात, पहाटे कमी करतात. मग दिवसभरात गेलेलं एकूण पाणी कसं काढायचं? हा इंटिग्रेशनचा प्रश्न. आणि साठ्याची तासागणिक नोंद हाताशी असेल, तर या क्षणी साठा किती वेगानं बदलतोय, हा डेरिव्हेटिव्हचा.

कॅल्क्युलसची मूळ कल्पना एवढीच आहे. अकरावीच्या मुलांना ती एका तासात समजते. गेली कित्येक वर्षं मी हे वर्गात बघतो आहे. तरीही दर हिवाळ्यात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची मुलं माझ्याकडे येतात ती "सर, एम-वन राहिला" म्हणत. एम-वन म्हणजे इंजिनिअरिंगच्या गणिताचा पहिला पेपर, मग एम-टू, एम-थ्री. वही उघडायला सांगितली की चूक बहुतेक वेळा एकाच जातीची निघते. वर्गमुळाच्या आतली बेरीज फोडून दोन वेगळी वर्गमुळं केलेली असतात, लॉगमधली बेरीज सुटी केलेली असते, किंवा अपूर्णांकांची वजाबाकी करताना छेदच हरवलेला असतो. लिमिटची, म्हणजे एखादी किंमत कशाच्या जवळ जवळ जाते त्याची, व्याख्या तोंडपाठ, पण नववीचं बीजगणित कच्चं. एक मुलगी म्हणाली होती, "सर, लिमिट कळतं, पण पुढची पायरीच सुचत नाही." ती पुढची पायरी कॅल्क्युलसची नव्हतीच.

म्हणून विषय निवडताना माझं म्हणणं एकच आहे. पुढे कॅल्क्युलस लागणार असेल, तर ज्या वाटेवर अकरावीचं गणित पूर्ण आणि सावकाश शिकवलं जाईल, ती वाट धरा. बाकी सगळं त्यानंतर.

आधी बघा, कॅल्क्युलस तुम्हाला कुठे भेटणार आहे

इंजिनिअरिंगला जाणार असाल तर प्रश्नच नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या पहिल्या वर्षाला एम-वनमध्ये मीनव्हॅल्यू थिअरम, टेलर-मॅक्लॉरिनच्या मालिका, पार्शल डिफरन्सिएशन, मॅट्रिक्स. एम-टूमध्ये डिफरन्शियल इक्वेशन्स, बीटा-गॅमा फलं, कर्व्ह ट्रेसिंग, दुहेरी-तिहेरी इंटिग्रेशन. आराखडा अधूनमधून बदलतो, पण गाभा वर्षानुवर्षं हाच आहे. गणित, भौतिकशास्त्र किंवा संख्याशास्त्रात बी.एस्सी. करायचं असेल तर कॅल्क्युलस याहून खोलात जातो, कारण तिथे उत्तरापेक्षा सिद्धता महत्त्वाची. पाषाणच्या आयसर या विज्ञानशिक्षण-संशोधन संस्थेची प्रवेशपरीक्षा ६० प्रश्नांची असते. भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि गणित यांचे प्रत्येकी १५ प्रश्न. जीवशास्त्रात संशोधन करायचं स्वप्न असलेल्या मुलांनाही तिथे गणित टाळता येत नाही.

ज्यांना अजिबात कल्पना नसते ते म्हणजे फार्मसीला जाणारे. बारावीला गणित सोडून जीवशास्त्र घेतलं, की बी.फार्म.च्या पहिल्या सत्रात 'रेमेडियल मॅथेमॅटिक्स' समोर उभं राहतं. त्यात लिमिट, डिफरन्सिएशन, इंटिग्रेशन, डिफरन्शियल इक्वेशन्स आणि वर लाप्लास ट्रान्सफॉर्मसुद्धा. दोन वर्षांत निवांत शिकता आलं असतं ते एका सत्रात उरकावं लागतं.

कॉमर्सच्या मुलांनो, तुमच्यासाठीही. अर्थशास्त्रात 'सीमान्त उपयोगिता', 'सीमान्त खर्च' हे शब्द शिकता ना? 'सीमान्त' म्हणजे डेरिव्हेटिव्हच. अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, ॲक्च्युरिअल सायन्स, डेटाशी संबंधित काही करायचं असेल तर गणित घेतल्यावाचून वाट पुढे अडते.

वीस मिनिटांची स्वतःची परीक्षा

विषय निवडण्याआधी आपण कुठे उभे आहोत हे कळायला हवं. दहावीचे गुण यासाठी पुरेसे नाहीत. ९५ मिळवलेली मुलंही खालच्या प्रश्नांत अडखळतात, आणि ७० वाली कधी कधी सरळ सोडवतात. घड्याळ लावा, कॅल्क्युलेटर दूर ठेवा.

पहिला: (क्ष² − ९) ला (क्ष − ३) नं भागा, आणि क्षची कुठली किंमत चालणार नाही ते सांगा. दुसरा: फ(क्ष) = क्ष² − ३क्ष असेल, तर फ(क्ष + ह) मधून फ(क्ष) वजा करून हनं भागा. तिसरा: १/(क्ष + ह) मधून १/क्ष वजा करा. चौथा: य = क्ष² − ४क्ष + ३ चा आलेख कागदावर हातानं काढा, बिंदूंची लांब यादी न करता. पाचवा: साइनची किंमत अर्धा येईल असे ० ते ३६० अंशांमधले सगळे कोन सांगा. सहावा: भिंतीला लागून आयताकृती वाफा करायचा आहे, भिंतीची बाजू सोडून उरलेल्या तीन बाजूंना मिळून ६० मीटर कुंपण आहे. भिंतीला काटकोनात असलेली बाजू क्ष मानून वाफ्याचं क्षेत्रफळ क्षमध्ये लिहा.

उत्तरं अशी. पहिल्याचं क्ष + ३, पण क्ष = ३ चालणार नाही. दुसऱ्याचं २क्ष + ह − ३. तिसऱ्याचं −ह भागिले क्ष(क्ष + ह). चौथ्यात आलेख क्ष-अक्षाला १ आणि ३ वर छेदतो आणि त्याचं सर्वांत खालचं टोक (२, −१) वर येतं. पाचव्याचं ३० आणि १५० अंश. सहाव्याचं क्ष(६० − २क्ष).

चार किंवा जास्त बरोबर आले तर तुमचा पाया ठीक आहे. दुसरा आणि तिसरा चुकला असेल तर बीजगणितावर काम करायला हवं, आणि ते अकरावी सुरू होण्याआधी. पाचवा चुकला तर घाबरू नका, ती त्रिकोणमिती अकरावीत नव्यानं शिकवतात. सहावा चुकणं मला सर्वांत गंभीर वाटतं. शब्दांतून समीकरण मांडता येत नसेल तर कमाल-किमान किमतीची सगळी गणितं पाठांतरावर जातात, आणि पाठ केलेलं परीक्षेत प्रश्न थोडा फिरवला की उपयोगी पडत नाही.

विषयांची निवड

राज्य मंडळाच्या सायन्सला तीन गट ओळखीचे आहेत: पीसीएम (भौतिक, रसायन, गणित), पीसीबी (गणिताऐवजी जीवशास्त्र) आणि दोन्ही असलेला पीसीएमबी. मेडिकलचंच नक्की असेल तर पीसीबी घ्या, मी अडवत नाही. पण "अजून ठरत नाही" म्हणणाऱ्यानं गणित सोडू नये. जीवशास्त्र एखाद्या अभ्यासक्रमात नंतरही पकडता येतं. मधली दोन वर्षं गेल्यावर गणित पकडणं फार कठीण. बायफोकलला, म्हणजे व्यवसायाशी जोडलेल्या विषयाला, संगणकशास्त्र किंवा इलेक्ट्रॉनिक्स घेण्याचा प्रघात पुण्यात मोठा आहे. २०० गुणांचा विषय, त्यात दुसरी भाषा आणि जीवशास्त्र सुटतं. गणिताला वेळ मिळतो, म्हणून इंजिनिअरिंगच्या मुलांना तो सोयीचा पडतो.

सीबीएसईच्या मुलांनी दोन ठिकाणी लक्ष द्यायचं. दहावीत स्टँडर्ड आणि बेसिक असे दोन पर्याय असतात. बेसिकची कल्पनाच मुळी पुढे गणित घ्यायचं नाही अशांसाठी आहे. कमी ताण म्हणून बेसिक घेऊन मग अकरावीला सायन्समध्ये गणित मागायला जाल तर अडचण येऊ शकते, म्हणून नववीतच शाळेशी बोला. अकरावीला पुन्हा मॅथेमॅटिक्स आणि अप्लाइड मॅथेमॅटिक्स असे दोन रस्ते आहेत. अप्लाइड २०२०-२१ पासून आलं, त्याचा भर अर्थव्यवहार आणि संख्याशास्त्रावर आहे. कॉमर्स, व्यवस्थापनाकडे जाणाऱ्यांना ते छान आहे. इंजिनिअरिंग किंवा भौतिकशास्त्राचा विचार मनात थोडासाही असेल तर नेहमीचं मॅथेमॅटिक्सच घ्या.

राज्य मंडळाच्या कॉमर्सला बऱ्याच कॉलेजांत गणित किंवा एसपी, म्हणजे चिटणिसाची कार्यपद्धती, यांतलं एक निवडायला सांगतात. एसपी सोपी म्हणून सगळी मैत्रमंडळी तिकडे जातात. कॉमर्सच्या गणितात विकलन, संकलन, डिफरन्शियल इक्वेशन्सची तोंडओळख होते. त्रिकोणमितीय फलं मात्र नसतात. बी.कॉम.पुरतं ते पुष्कळ आहे. अर्थशास्त्रात पुढे शिकायचं असेल तर साइन-कोसाइनचा भाग स्वतःहून भरून काढावा लागेल, पण ते एका सुट्टीचं काम आहे.

कॉलेज निवडताना कोणी विचारत नाही असे प्रश्न

पालक कटऑफ विचारतात, फी विचारतात, बस कुठून जाते ते विचारतात. अकरावीच्या गणिताचे आठवड्याला किती तास प्रत्यक्ष होतात, हे विचारणारे पालक मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके भेटले. दहावीचं दमवणारं वर्ष संपलं, बारावीचं यायचंय, तेव्हा अकरावी म्हणजे मधला विसावा असं घरात सर्वजण मानतात. कॅल्क्युलसचा पाया मात्र नेमका त्याच वर्षात आहे. २०१९-२० मध्ये आलेल्या बालभारतीच्या अकरावीच्या पुस्तकांत बघा. पहिल्या भागात कोनमापन, त्रिकोणमितीचे दोन धडे, सरळ रेषा, वर्तुळ, शंकुच्छेद. दुसऱ्यात श्रेढी, द्विपद प्रमेय, फल, लिमिट, सांतत्य आणि विकलन. बारावीचा दुसरा भाग थेट विकलनानंच उघडतो, आणि आधीचं सगळं तुम्हाला येतं असं धरून चालतो.

आता सीईटीचं, म्हणजे राज्याच्या इंजिनिअरिंग प्रवेशपरीक्षेचं. एमएचटी-सीईटीच्या गणिताच्या पेपरात ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, वेळ ९० मिनिटं. साधारण वीस टक्के भाग अकरावीचा, ऐंशी टक्के बारावीचा. अकरावीचे सगळे धडे सीईटीला नसतात, आणि जे यादीत नाहीत ते क्लासमध्ये बहुधा गाळले जातात. श्रेढी आणि द्विपद प्रमेय असे गाळलेले अनेकदा दिसतात. मग दोन वर्षांनी एम-वनला मॅक्लॉरिनची मालिका आली की मुलं गांगरतात, कारण "अनंत पदांची बेरीज एका संख्येकडे जाऊ शकते" हे त्यांनी कधी अनुभवलेलंच नसतं. क्लास लावा, त्यात गैर काही नाही. पण पहिल्याच दिवशी विचारा: अकरावीचे कुठले धडे घेणार नाही? ती यादी लिहून घ्या. ते धडे आठवड्याला एक असे तुमचे तुम्ही करा.

'इंटिग्रेटेड' व्यवस्थेबद्दलही सांगतो. कॉलेजमध्ये नाव, प्रत्यक्ष शिकणं क्लासमध्ये. जेईईला झोकून दिलेल्या थोड्या मुलांना ती मानवते. इतरांची अकरावी मात्र तीन महिन्यांत गुंडाळली जाते आणि बारावी ऑक्टोबरमध्येच सुरू होते. माझा सल्ला विचाराल तर ज्या कॉलेजात मुलं खरोखर वर्गात बसतात ते, कटऑफ दोन टक्के कमी असला तरी, घ्यावं.

दहावीच्या परीक्षेपासून अकरावी सुरू होईपर्यंत

मार्चमध्ये परीक्षा संपते, अकरावीचे वर्ग पावसाळ्यात भरतात. हे तीन-साडेतीन महिने फार मोलाचे आहेत. रोज चाळीस मिनिटं पुरे. व्हेकेशन बॅच लावून थेट लिमिटवर उडी मारू नका.

पहिले तीन आठवडे नववी-दहावीचंच बीजगणित: बहुपदी, करणी, अवयव, वर्गसमीकरणं, अपूर्णांकी पदावल्या. हे किती उपयोगी पडतं त्याचं एक उदाहरण मन लावून बघा. √क्ष चा डेरिव्हेटिव्ह मूळ व्याख्येवरून काढायचा आहे. √(क्ष + ह) − √क्ष घ्यायचं आणि हनं भागायचं. इथे ह शून्याकडे नेला तर शून्य भागिले शून्य येतं, आणि मुलं थांबतात. पण नववीत द्विपद करणीची अनुबद्ध जोडी शिकलात ना? अंश आणि छेद दोन्हींना √(क्ष + ह) + √क्ष नं गुणा. अंशात वर्गांची वजाबाकी होते, क्ष + ह − क्ष, म्हणजे नुसता ह. तो छेदातल्या हबरोबर जातो. उरतं १ भागिले (√(क्ष + ह) + √क्ष). आता ह शून्य होऊ द्या: १ भागिले २√क्ष. सगळ्या गणितात कॅल्क्युलसचं वाक्य शेवटचं एक. बाकी सगळं नववी.

पुढचे दोन आठवडे फल आणि आलेख. यंत्रानं काढलेला आलेख बघून समाधान मानू नका, हातानं काढा. क्ष², क्ष³, १/क्ष, √क्ष, क्षचं निरपेक्ष मूल्य, २ चा क्ष-घात, लॉग. एवढे सात आलेख डोळे मिटून काढता आले पाहिजेत. मग क्षऐवजी क्ष − २ घातलं तर आलेख कुठे सरकतो, बाहेर ३ मिळवले तर कुठे, हे तपासा. एम-टूचं कर्व्ह ट्रेसिंग आणि दुहेरी इंटिग्रेशनच्या मर्यादा मांडणं या सवयीवर उभं आहे. इंटिग्रेशन येतं पण मर्यादा कुठून कुठपर्यंत घ्यायच्या ते कळत नाही, ही दुसऱ्या सत्रातली सगळ्यांत मोठी तक्रार असते.

त्यानंतर त्रिकोणमिती, आणि तिच्यात रेडियन. दहावीत आपण अंशांत विचार करतो. कॅल्क्युलसमध्ये अंश चालत नाहीत, आणि का चालत नाहीत ते स्वतः करून बघा. कॅल्क्युलेटर रेडियनवर ठेवून साइन ०.१ काढा, त्याला ०.१ नं भागा: ०.९९८ च्या आसपास येईल. ०.०१ साठी करा, आणखी एकच्या जवळ. आता कॅल्क्युलेटर अंशांवर ठेवून साइन १ काढून १ नं भागा: ०.०१७४५. हा आकडा म्हणजे पाय भागिले १८०. अंश वापरले असते तर साइनचा डेरिव्हेटिव्ह काढताना दर वेळी हे ओझं मागे लागलं असतं. रेडियनमध्ये तो निखळ कोसाइन येतो. सूत्रांच्या बाबतीत कोनांच्या बेरजेची सूत्रं पक्की करा, दुप्पट कोनाची त्यांतूनच निघतात. पाठ केलेल्या चाळीस सूत्रांपेक्षा सहा सूत्रं आणि त्यांतून बाकीची काढायची सवय कधीही बरी.

उरलेल्या दिवसांत अंकगणिती आणि भूमितीय श्रेढी बघा. लिमिट स्वतःहून सुरू करावंसं वाटलं तर वर दिलेला पहिला प्रश्न पुन्हा घ्या: क्ष जसजसा ३ च्या जवळ जातो तसतशी किंमत कशाच्या जवळ जाते? २.९, २.९९, २.९९९ घालून तक्ता करा. एवढंच. बाकी वर्गात.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना एक वेगळं सांगायचं आहे. पुण्यातल्या बहुतेक कॉलेजांत सायन्सचं गणित इंग्रजीतून चालतं, आणि पहिल्या दोन महिन्यांत तुम्हाला गणित येत नाही असा समज तुमचाच होऊन बसतो. एक छोटी वही करा. फल म्हणजे फंक्शन, बहुपदी म्हणजे पॉलिनॉमियल, सहगुणक म्हणजे कोइफिशंट, छेद म्हणजे डिनॉमिनेटर, अनुबद्ध म्हणजे कॉन्ज्युगेट, विकलन म्हणजे डिफरन्सिएशन, संकलन म्हणजे इंटिग्रेशन. शंभरेक शब्दांत सगळं बसतं. आपला शब्द फेकून देऊ नका; 'सांतत्य' ऐकल्यावर अर्थ मनात आपोआप उमटतो, 'कंटिन्युइटी' ऐकून तो उमटायला वेळ लागतो.

डिप्लोमाची वाट

दहावीनंतर पॉलिटेक्निकला जाणाऱ्यांकडे अशा लेखांत सहसा कोणी बघत नाही, म्हणून थोडं थांबतो. तंत्रशिक्षण मंडळाच्या डिप्लोमात पहिल्या वर्षी बेसिक मॅथेमॅटिक्स आणि मग अप्लाइड मॅथेमॅटिक्स असतं. कॅल्क्युलस होतो, पण वेगानं आणि सूत्रांच्या अंगानं. पुढची दोन वर्षं गणिताचा संबंध सुटतो. मग थेट दुसऱ्या वर्षी डिग्रीला प्रवेश मिळतो आणि बहुतेक शाखांत एम-थ्री समोर येतो. एम-वन, एम-टू तुमचे झालेलेच नसतात. वर्कशॉपमध्ये, ड्रॉइंगमध्ये ही मुलं बारावीच्या मुलांच्या कितीतरी पुढे असतात आणि या एका पेपरापायी वर्ष गमावतात, याचं मला फार वाईट वाटतं. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षापासूनच रविवारचे दोन तास बाजूला काढा. क्रम असा ठेवा: आधी डिप्लोमाच्या अप्लाइडची वही पुन्हा सोडवा, मग एम-वनमधलं पार्शल डिफरन्सिएशन, मग एम-टूमधली पहिल्या कोटीची डिफरन्शियल इक्वेशन्स, शेवटी दुहेरी इंटिग्रेशन. फुरिए मालिका वेळ उरला तर.

बारावीनंतरची सुट्टी

सीईटी झाल्यावर प्रवेशफेऱ्या आटोपेपर्यंत बराच काळ जातो. सीईटीनं एक सवय लावलेली असते: पर्याय घालून बघायचे, जो जुळेल त्यावर क्लिक करायचं. एम-वनला बहुतेक प्रश्नांना पर्याय नसतात. पायऱ्या लिहाव्या लागतात आणि त्यांचेच गुण असतात. म्हणून या सुट्टीत नवीन काही शिकण्यापेक्षा बारावीच्या दुसऱ्या भागातले विकलन, त्याचे उपयोग आणि संकलन हे धडे पर्याय न बघता, पूर्ण वाक्यांत, कागदावर सोडवा. रोज पाच गणितं.

पुस्तकांसाठी पैसे खर्च करायची गरज नाही. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेता येतात. ज्यांना गणित परीक्षेपलीकडेही आवडतं त्यांनी लॉ कॉलेज रस्त्याजवळ दामले पथावरच्या भास्कराचार्य प्रतिष्ठानात एकदा जाऊन यावं. श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये सुरू केलेली ही गणिताचीच संस्था आहे. आणि आज रात्री सुरुवात करायची असेल तर अकरावीच्या दुसऱ्या भागातला फल हा धडा उघडा, पहिला सराव वहीत सोडवा, आणि प्रत्येक गणिताशेजारी त्याचा आलेख हातानं काढा.